चौदा नंबरचा चॅनेल

आधीच सांगून टाकतो – मी वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदराचा वाचक नव्हतो. वाचक होती माझी बायको, मीना. रविवारी सकाळी पोहे झाले की ती टॅबलेट घेऊन बसायची आणि इथले अनुभव मला मोठ्यानं वाचून दाखवायची. मी ओटा पुसता पुसता मध्येच कारणं सांगायचो. जिन्यात पावलं वाजली? लाकूड थंडीनं आकसतं. खोलीत कुणीतरी उभं दिसलं? अर्धवट झोपेत दिसतं तसं. सगळ्या घराला एकदमच भास झाले? बॉयलर तपासून घ्या म्हणावं, कार्बन मोनॉक्साइड असेल. ती वैतागून म्हणायची, "अहो, तुम्ही जरा गप्प बसा ना, भूत बिचारं कंटाळून निघून जाईल!"

मी इंजिनियर आहे. विमानाच्या पंखांवर कुठे किती भार येतो आणि तिथे तडा का जातो, हे शोधणं माझं काम. चोवीस वर्षं ब्रिस्टलमध्ये तेच करतोय. घर शहराच्या उत्तरेला, फिल्टनजवळ – साधं सेमी-डिटॅच्ड, पुढे दोन गाड्या, मागे लांबट गार्डन. कारण नसलेली गोष्ट माझ्या टेबलावर कधी आली नाही. आली तरी मी तिला कारण सापडेपर्यंत घरी पाठवली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पण त्याआधी मिस्ड कॉलबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा मी कामासाठी सारखा दौऱ्यावर असायचो. पोहोचलो की एसटीडी बूथवरून सांगलीला घरी फोन लावायचा, दोन रिंग वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. म्हणजे 'पोहोचलो'. घरी कुणी उचलायचा नाही, उचलला की पैसे पडायचे. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी हे केलंय. आमच्याकडे फरक इतकाच की मीनानं ते सोडलं नाही. मोबाइल आले, आम्ही इंग्लंडला आलो, अनलिमिटेड मिनिट्स आली, तरी तिच्या दोन रिंगा चालूच. ती जवळच्या प्रायमरी स्कूलमध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायचं काम करायची – इथे त्यांना डिनर लेडी म्हणतात. घरातून साडेअकराच्या आत निघायची, नाल्याकाठच्या पायवाटेनं चालत जायची आणि पावणेबाराला शाळेच्या गेटपाशी पोहोचली की मला दोन रिंगा. रोज. एकदा मी चुकून फोन उचलला तर मलाच ओरडा बसला. "उचललात कशाला? पोहोचले एवढंच सांगायचं होतं."

म्हणून मी उचलत नसे. टेबलावर फोन दोनदा थरथरायचा, मी त्याच्याकडे बघायचो, तो थांबायचा. झालं.

गेल्या मार्चमध्ये एका गुरुवारी फोन पावणेबाराला थरथरला. मी रिव्ह्यू मीटिंगमध्ये होतो. एक, दोन... आणि तो थांबला नाही. तीन, चार. शेजारच्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कट करायला विसरली असेल, नाहीतर बॅगेत बटण दाबलं गेलं असेल. मी फोन पालथा घातला. पालथा पडूनही तो थोडा वेळ वाजत राहिला, मग बंद झाला.

मीना पायवाटेवरच्या बाकाशेजारी पडलेली सापडली. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. मेंदूत रक्तस्राव. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

तुम्ही विचाराल, तिनं ॲम्ब्युलन्सला फोन का नाही केला. आपली माणसं आधी घरी फोन करतात, दुसरं काय.

ही फोनची गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. आमची एकुलती एक मुलगी केतकी, ब्रिस्टलमध्येच वाढलेली, ग्लासगोला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, रजिस्ट्रार. ती त्या दुपारी मिळेल त्या फ्लाइटनं आली. तिलाही नाही सांगितलं. हॉस्पिटलनं मीनाचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केतकीच्या हातात दिला आणि जाताना ती तो घेऊन गेली – "त्यातले फोटो काढून ठेवते, बाबा." मी हो म्हटलं. त्या रात्री मी माझ्या फोनमधून तो मिस्ड कॉल डिलीट केला. हे लिहिताना लाज वाटते, पण केलं ते केलं.

आणि मग मला काहीच वाटेनासं झालं. लोक म्हणतात दुःखाचा डोंगर कोसळला. माझ्यावर काही कोसळलं नाही. क्रेमॅटोरियममध्ये मी खुर्च्या मोजत होतो. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी वरण-भाताचे, मटकीच्या उसळीचे डबे आणून फ्रीझरमध्ये लावले, मी रोज एक काढून मायक्रोवेव्ह करायचो आणि काय खाल्लं ते हात धुताना आठवायचं नाही. ऑफिसनं तीन दिवसांचा आठवडा करून दिला, मंगळवार-बुधवार सुट्टी. कपाट आवरलं नाही. रडलो नाही. केतकीचे फोन मात्र उचलता येईनात. स्क्रीनवर तिचं नाव आलं की मी बघत बसायचो, वाजून बंद झाला की मेसेज टाकायचो – 'मीटिंगमध्ये आहे. सगळं ठीक. जेवलो.' तिचा आवाज ऐकला की मी ते बोलून टाकीन, आणि मग तिला आई तर नाहीच, बापही राहणार नाही, अशी मला भीती होती. त्या दिवसांत मला जी काय भावना होती ती एवढीच.

ऑगस्टमध्ये ती दोन दिवस येऊन गेली. समोर असली की सोपं असायचं, चहा-जेवण-भांडी यांत वेळ जायचा. निघताना तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली, "बाबा, एक हॉबी तरी करा. प्लीज. घर इतकी शांत आहे की मला भीती वाटते."

घर शांत होतं हे खरं. टीव्ही लावला की तो माझ्याशी बोलतोय असं वाटायचं आणि मला कुणी माझ्याशी बोलायला नको होतं. आमच्यापासून तिसऱ्या घरात माल्कम राहतो. सत्तरीचा, बसचा रिटायर्ड ड्रायव्हर, गार्डनमध्ये उंच एरियल, लायसन्सवाला हौशी रेडिओवाला. त्याच्या शेडमधून कुणाकुणाचे आवाज यायचे – हवापाणी, टोमॅटो, गुडघ्याचं ऑपरेशन. एकमेकांशी चाललेलं बोलणं, आपला संबंध नाही. मला वाटलं, हे चालेल. मी कुंपणापाशी जाऊन त्याला विचारलं की पहिला स्कॅनर, म्हणजे असं बोलणं पकडणारा रेडिओ, घ्यायचा तर कुठला घ्यावा.

माल्कम म्हणाला, "आधी एक सांग. तुला बोलायचंय, की ऐकायचंय?"

"ऐकायचंय."

"नक्की? दोन्हीवाला सेट फार महाग नाही. परीक्षा सोपी असते, मी शिकवीन."

"नाही," मी म्हटलं. "फक्त ऐकायचंय."

त्यानं खांदे उडवले आणि मला शेडमध्ये नेलं.

आता माझा स्वभाव – वांगी घ्यायची तरी मीना मला बाहेर उभं करायची, कारण मी प्रत्येक वांग्याला प्रश्न विचारायचो. सहा आठवडे मी स्प्रेडशीट भरत होतो. इथे परदेशात पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी शिकलो ते सांगून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडेल. पोलीस ऐकू येतील या आशेनं घेऊ नका, ते सगळं केव्हाच कुलूपबंद झालंय. स्कॅनर बाळगायला इथे बंदी नाही, पण जे आपल्यासाठी नाही ते ऐकायला कायद्यानं मनाई आहे, तेव्हा हौशी लोकांचा बँड ऐका आणि आपण बरं, आपलं काम बरं. कार-बूट सेलमधला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून विकतात तो, जुना स्वस्त मिळतो, पण आताचे चॅनेल इतके जवळजवळ झालेत की तो बिचारा दोन चॅनेलच्या मध्येच उभा राहतो. भारतातून कुणाला आणायला सांगायचा मोह मलाही झाला, पण बिघडला तर दाद कुणाकडे मागणार? आणि पाचशे सोयींवाला तर अजिबात नको. नाकापेक्षा मोती जड. पहिला स्कॅनर साधा हवा – एक आवाजाचा नॉब, एक स्क्वेल्चचा. स्क्वेल्च म्हणजे खरखर दाबून ठेवणारा नॉब. कमी ठेवला तर कायम खरखर आणि स्कॅनर पुढे सरकतच नाही, जास्त ठेवला तर मुका. माल्कमनं तो बरोबर लावायला शिकवला. तेवढं जमलं की निम्मं काम झालं.

सप्टेंबरअखेर मी घेतला. नवा, सीलबंद. माल्कमनं हौशी बँडचे वीस चॅनेल भरून दिले आणि मी तो किचनच्या खिडकीत ठेवला. आकडे पळत राहायचे, कुठे कुणी बोललं की थांबायचे, बोलणं संपलं की दोन सेकंदांनी पुढे. सुट्टीच्या दिवशी मी समोर बसून चहा प्यायचो. कुणीतरी कुणालातरी सांगत असायचं की आज जरा गार आहे. बरं वाटायचं म्हणणार नाही. बरं-वाईट काही वाटत नव्हतंच. पण बसता यायचं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी स्कॅनर चौदा नंबरवर थांबला. मी मान वर केली. सिग्नलच्या सगळ्या पट्ट्या भरलेल्या, पण आवाज नाही. खरखरही नाही, तिच्या जागी पूर्ण शांतता – कुणीतरी माइकचं बटण दाबून धरलंय आणि बोलत नाही, अशी. सेकंदभर. मग पट्ट्या गेल्या. पुन्हा आल्या, सेकंदभर. गेल्या. स्कॅनर पुढे सरकला.

मी घड्याळात पाहिलं नाही. कशाला पाहीन?

बुधवारी पुन्हा. तेव्हा पाहिलं – पावणेबारा. पुढच्या मंगळवारी, पावणेबारा. बुधवारी तेच. दोनदा, मग बंद. तरी माझ्या अंगावर काटा वगैरे आला नाही. कारण शोधायला घेतलं. सवय.

मी माल्कमला सांगितलं. फक्त सिग्नलचं, बाकीचं नाही. तो म्हणाला, बर्डी असेल. रिसीव्हर स्वतःच्याच पोटात एखादा खोटा सिग्नल तयार करतो, त्याला हे लोक बर्डी म्हणतात. पण बर्डी दिवसभर असतो, घड्याळ बघून येत नाही. मग म्हणाला, बॉयलरचा टायमर, स्मार्ट मीटर. मी मेन स्विच बंद करून बॅटरीवर चालवला. आला.

मग ऑक्टोबरची हाफ-टर्म सुट्टी लागली आणि त्या आठवड्यात तो आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी गुरुवारी-शुक्रवारीही रजा टाकली. नाही. सोमवारी शाळा उघडली. मंगळवारी पावणेबाराला चौदा नंबर – दोनदा.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. शाळा! म्हणजे शाळेच्या वॉकी-टॉकी. जेवणाच्या सुट्टीआधी कुणीतरी तपासत असणार. मी शाळेच्या ऑफिसात गेलो. मीनाला ओळखणाऱ्याच बाई होत्या काउंटरवर, त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि मी त्यांना वॉकी-टॉकीबद्दल विचारलं. बिचाऱ्या गोंधळल्या, पण खालून एक सेट काढून दाखवला. त्यावर लिहिलेला बँड अगदीच वेगळा, माझ्या स्कॅनरमध्ये भरलेलाही नाही. आणि त्या फक्त सकाळी आणि सुटताना गेटवर वापरतात.

पुढच्या बुधवारी माल्कम त्याचा स्कॅनर घेऊन आमच्या किचनमध्ये आला. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही चौदा नंबरच्या चॅनेलवर थांबवून ठेवलेले. पावणेबाराला माझ्या पट्ट्या भरल्या. त्याच्या रिकाम्या. माल्कमनं झटक्यात माझ्या स्कॅनरची अँटेना पाव फेरा फिरवून उपटली आणि ओट्यावर टाकली. अँटेनाशिवाय दुसऱ्या वेळी पट्ट्या भरल्या. पूर्ण.

"बरं," माल्कम म्हणाला. मग माझा स्कॅनर उलटासुलटा करून बघत म्हणाला, "हे जरा विचित्रच आहे." इंग्रज माणसानं एवढं म्हणणं म्हणजे आपल्याकडे अंगारा लावण्यापर्यंत गेलं असतं. त्यानं चहा संपवला, अँटेना परत बसवून दिली आणि दारात वळून विचारलं, "तुझी बायको शाळेत जायची ती याच वेळी ना?"

मी हो म्हटलं. त्याच्याकडेही मी त्या फोनच्या बाबतीत ताकास तूर लागू दिली नाही.

नोव्हेंबर, डिसेंबर असेच गेले. मंगळवार-बुधवार मी पावणेबाराला किचनमध्ये असायचो. भीती नव्हती, आनंद नव्हता. ती आली असं मला वाटायचं नाही. पोहोचली, एवढंच वाटायचं. नंतर मी डबा गरम करून जेवायचो. नाताळात केतकीनं ग्लासगोला बोलावलं, तिकीटसुद्धा पाठवलं. मी सर्दीचं कारण सांगितलं. तिचा मेसेज आला – 'ओके बाबा.' पुढे काही नाही. एरवी ती हट्ट धरते.

जानेवारीत शाळा पुन्हा सुरू झाल्यानंतरचा मंगळवार. बाहेर रिमझिम, किचनमध्ये दिवा लावावा लागेल असा अंधारलेला दिवस. पावणेबाराला स्कॅनर चौदावर थांबला. पट्ट्या भरल्या, शांतता. मी ती जाण्याची वाट पाहिली.

ती गेली नाही.

दोन सेकंद. पाच. सात. मी उठून उभा राहिलो. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा माझ्या छातीतले ठोके ऐकू आले. ही दोन वेळांची खूण नव्हती. हे वाजत राहणं होतं, आणि असं वाजत राहणं मी एकदाच अनुभवलं होतं, मीटिंगमध्ये, पालथ्या फोनखाली. मी स्कॅनर हातात घेतला. त्याला बोलायचं बटण नाही. मी सहा आठवडे स्प्रेडशीट भरून, जाणूनबुजून, बटण नसलेला घेतला होता. मी त्यावर अंगठा फिरवत होतो, वेड्यासारखा, बाजूला, मागे, बॅटरीच्या झाकणावर. तोंडानं "हॅलो, हॅलो" म्हणत होतो. शांतता तशीच.

मला एकच गोष्ट कळत होती की कुणाचातरी फोन वाजतोय आणि तो उचलायचाय. मी मोबाइल घेतला आणि केतकीला लावला.

तिनं पहिल्याच रिंगला उचलला. "बाबा? काय झालं? तुम्ही ओके आहात ना?"

"तू कशी आहेस? ठीक आहेस ना?"

"मी कॅन्टीनमध्ये आहे. लवकर ब्रेक मिळाला. काय झालं, बाबा?"

तिला काही झालं नव्हतं. मागे ट्रे आपटल्याचे, लोकांच्या बोलण्याचे आवाज येत होते. ती सुखरूप होती आणि माझ्याजवळ सांगायला दुसरं काही कारण नव्हतं. मी म्हटलं, "केतकी, त्या दिवशी आईनं मला फोन केला होता. पावणेबाराला. दोन रिंगांचा नाही, पूर्ण. मी बघत होतो. मला वाटलं कट करेल. मी उचलला नाही. फोन पालथा घातला मी."

मी वाट पाहत राहिलो. ट्रे वाजत होते.

"मला माहिती आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशीपासून. आईची फोन माझ्याकडे आहे ना, बाबा. त्यात दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का नाही?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मला वाटलं, तुम्ही एक दिवस विचारणार, फोनमध्ये काय होतं. मी रोज वाट बघत होते. तुम्ही विचारलं नाही. माझे कॉल पण उचलत नव्हते. मग मला वाटलं तुम्हाला कुणीतरी सांगितलं, हॉस्पिटलमधल्या कुणीतरी, आणि तुम्ही माझ्यावर रागावले आहात."

"तुझ्यावर? तुझ्यावर कशाला?"

"बाबा, तुमचा कॉल दुसरा होता," केतकी म्हणाली. "पहिला मला केला होता. दोन मिनिटं आधी. मी वॉर्ड राउंडवर होते. खिशात वाजत होता, मी काढून बघितला. आई. मला पण ती दोन रिंग द्यायची, पार्सल पाठवला की. मी थांबले, आता कट करेल. मग कन्सल्टंटनं मला काहीतरी विचारलं आणि मी फोन परत खिशात ठेवला."

मी खाली बसलो. ओट्याच्या कडेला धरून, फरशीवर.

दहा महिने आम्ही दोघं, चारशे मैलांच्या दोन टोकांना, तेच करत बसलो होतो. ती डॉक्टर आहे. 'उचलला असता तरी फरक पडला नसता' असं ती म्हणू शकली असती, मला पटलंही असतं. तिनं तसं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मी विचारलं, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "जेवून घे." ती हो म्हणाली. आणि मग मार्चपासून जे आलं नव्हतं ते आलं, मला आणि तिला एकदमच, तिला भर कॅन्टीनमध्ये. फोन कुणीच ठेवला नाही.

स्कॅनर केव्हा पुढे सरकला ते माझ्या लक्षात नाही. नंतर पाहिलं तेव्हा आकडे पळत होते.

आता तुम्ही कारण विचाराल. मीनाला अशा वेळी मी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक आहे – शोकात माणसाला सगळ्यात अर्थ दिसतो, सदोष रिसीव्हर, योगायोग. त्यातलं शोकाचं खरं असेल. पण माल्कमला शोक नव्हता, आणि त्यानं अँटेना स्वतःच्या हातानं काढली होती. स्कॅनर मी दुकानात पाठवून तपासून घेतला, निर्दोष म्हणून परत आला. तिनं मला कशासाठी इतक्या वेळा खूण द्यावी, आणि त्या दिवशीच ती खूण का थांबली नसावी, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. केतकीजवळही नाही. रेडिओतलं कळणाऱ्या कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी खरंच ऐकून घेईन. या वेळी मध्येच बोलणार नाही.

केतकीचा फोन आता रोज येतो, मी उचलतो. कधीकधी ती विचारते, "बाबा, आज चौदावर थांबला का?" थांबला असेल तर मी हो म्हणतो. नसेल तर नाही म्हणतो.